हंड्यावरचा आळ

काका गेल्यावर थोड्याच दिवसांत काकूंनी तांब्याचा हंडा माळ्यावर चढवला. हंडा त्यांच्या सासूबाईंचा, कसेरा बाजारातून घेतलेला, अंगावरचे ठोके अजून स्पष्ट दिसणारा. रात्री तो भरून ठेवायचा आणि सकाळी चहाआधी दोघांनी त्यातलं पेलाभर पाणी प्यायचं, हा त्या घरचा नेम मी लहानपणापासून पाहत आलेय. इंदूरच्या रामबागेत त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत. चिंच-मिठानं हंडा घासल्याचा आवाजसुद्धा पलीकडून ओळखू येतो. तो बंद झाला तेव्हा आईनं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "त्यानंच घात केला गं. आमच्या नातवानं वाचलंय. ह्यांच्या आजारातलं ते जे प्रोटीन असतं ना, त्याला तांबं चिकटतं म्हणे."

नातवानं वाचलं ते खरं होतं आणि काकूंनी काढलेला अर्थ चुकीचा होता. या दोहोंच्या मध्ये बरंच रसायनशास्त्र आहे, आणि मी इथल्याच एका कॉलेजात तो विषय शिकवते, त्यामुळे खुलासा करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. ओट्याशी उभ्या उभ्या तो होण्यासारखा नव्हता.

काकांना झालेला मेंदूचा आजार क्रॉइट्सफेल्ट-याकोब, डॉक्टरमंडळींच्या तोंडी सीजेडी. सुरुवात आकड्यांपासून झाली. उभी हयात बँकेत काढलेला माणूस विजेच्या बिलावरची रक्कम वाचताना अडखळायला लागला. मग जिन्याची पायरी चुकायला लागली. एका ठिकाणी नैराश्य म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पुढे एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराची कड पांढरी चमकताना दिसली, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनं मुलाला एकट्याला आत बोलावून घेतलं. नंतरचं सगळं काही महिन्यांत आटोपलं. या आजारात बहुतेकांचं तसंच होतं.

दिवसकार्याला जमलेल्या मंडळींत पुण्याच्या मेव्हण्यांनी 'मॅड काऊ'चा विषय काढला. ज्या घरात अंड्याचा केकसुद्धा गच्चीवर नेऊन खाल्ला जातो, त्या घरात! ब्रिटनमध्ये १९९६ साली गायींच्या रोगाशी जोडला गेलेला आजार हा सीजेडीचा वेगळा आणि फार विरळा प्रकार. एरवीचा सीजेडी जगभर दर वर्षी दहा लाखांत एखाद-दोघांना होतो, आणि त्यांतल्या साधारण ८५ टक्के रुग्णांच्या बाबतीत खाणंपिणं, संसर्ग, घराणं यांपैकी कशाकडेही बोट दाखवता येत नाही. तो आपोआप होतो. पण 'आपोआप' हे उत्तर घेऊन घरच्यांना झोप लागत नाही. आळ घ्यायला कुणीतरी लागतं, आणि हंडा हाताशी होता.

आता ते प्रोटीन. प्रायॉन प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत, चेतापेशींच्या पृष्ठभागावर असतं आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर निमूट राहतं. कधीतरी एखाद्या रेणूची घडी बदलते, आणि तो बदललेला रेणू शेजारच्या रेणूंना आपल्यासारखं करत सुटतो. हे बिघडलेलं रूप म्हणजे प्रायॉन, आणि सीजेडी होतो तो त्याच्यामुळे. ना विषाणू, ना जीवाणू, ना डीएनए. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली हे मांडलं तेव्हा त्यांच्या वाट्याला भरपूर टवाळी आली, आणि १९९७ साली नोबेल आलं. ही कथा पुष्कळदा सांगून झालेली आहे. त्यात तांबं कुठे बसतं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण तांबं प्रथिनाच्या ज्या भागाला धरतं तो भाग बरीच वर्षं कुणी मोजायच्याच भानगडीत पडलं नव्हतं.

माणसाच्या पेशीत प्रायॉन प्रथिनाची साखळी २५३ अमिनो आम्लांची बनते. दोन्ही टोकं छाटली जाऊन पेशीवर २०८ उरतात. १९९६ साली झुरिकमध्ये कुर्ट व्युट्रिख यांच्या गटानं उंदराच्या प्रथिनाच्या मागच्या अर्ध्याची रचना एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत वाचायचं तंत्र, वापरून काढली. तीन सर्पिल, दोन आखूड पट्ट्या, सगळं कसं आटोपशीर. दुसऱ्या वर्षी अख्खी साखळी तपासली, तर पुढच्या जवळजवळ शंभर अमिनो आम्लांना घडीच नव्हती. ती पाण्यात मोकळी, क्षणाक्षणाला वेगळी. पुस्तकांतल्या आकृतीत तो भाग तुटक रेघेनं दाखवतात, किंवा दाखवतच नाहीत. मी शिकवायला लागले तेव्हा 'जशी रचना तसं कार्य' हे वाक्य प्रथिनांच्या पहिल्याच तासाला फळ्यावर यायचं, आणि ज्याला रचना नाही त्याला काम नाही असा त्याचा उलटा अर्थ मुलं आपणहून लावायची. आम्हीही लावू द्यायचो. प्रथिनाचा स्फटिक होत नाही म्हणून असली लोंबती टोकं कापून टाकायची ही प्रयोगशाळांमधली सर्रास रीत होती.

साखळीची ही बिनघडीची शेपटी मला साडीच्या पदरासारखी वाटते. कामाला लागताना तो कमरेला खोचला जातो, देवळात डोक्यावरून येतो, उन्हातून चालताना तोंडाभोवती गुंडाळला जातो. पदराला स्वतःचा आकार नसतो, म्हणून त्याला बिनकामाचा कोणी म्हणणार नाही.

शेपटीत साठाव्यापासून एक्याण्णवाव्या जागेपर्यंत आठ अमिनो आम्लांचा एक तुकडा ओळीनं चार वेळा येतो. प्रोलिन, हिस्टिडिन, ग्लायसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, ट्रिप्टोफॅन, ग्लायसिन, ग्लुटामिन. मग पुन्हा पहिल्यापासून. याला अष्टक म्हणू. प्रत्येक अष्टकात एक हिस्टिडिन आहे, आणि हिस्टिडिनच्या बाजूच्या कड्यातला नायट्रोजन तांब्याला मोठा प्रिय. त्याच्यानंतर सलग तीन ग्लायसिन. ग्लायसिन हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, त्याला बाजूची फांदीच नाही, त्यामुळे साखळी तिथे हवी तशी वळते. हे प्रथिन प्राण्याच्या मेंदूत खरोखरच तांबं धरतं, असा दावा डेव्हिड ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली केला. त्याच्या थोडं आधीपासून अष्टकांच्या सुट्या तुकड्यांवर परीक्षानळीतले प्रयोग सुरू झालेले होते.

यातली रासायनिक गंमत आमच्या बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये अर्धी दिसते. बाययुरेट चाचणी. अंड्याच्या पांढऱ्याचं पातळ द्रावण घ्यायचं, त्यात कॉस्टिक सोडा, मग मोरचुदाच्या पाण्याचे थेंब. नळी हलवली की निळ्याचा जांभळा होतो. दर वर्षी कुणाच्या तरी बोटांना सोडा लागतो, बोटं बुळबुळीत होतात, आणि "मॅम, हे धुतलं तरी जात नाहीये" म्हणत ती पोरगी नळाखाली हात धरून उभी राहते. जांभळा रंग येतो कारण तांब्याचा आयन साखळीच्या कण्यातल्याच नायट्रोजनांच्या मधोमध जाऊन बसलेला असतो. तसं बसायला त्या नायट्रोजनांवरचे हायड्रोजन आधी सुटावे लागतात. ते सहजी सुटत नाहीत, म्हणून सोड्याची जबरदस्ती. तयार अभिकर्मकाच्या बाटलीत शिवाय टार्टरेटचा क्षार असतो, नाहीतर सोड्यात तांबं गाळ होऊन खाली बसेल. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेतलंच, काकूंच्या हंड्यावरचा काळा थर काढणारं. तिथेही ते तांब्यालाच धरून विरघळवतं.

अष्टकात हीच जबरदस्ती सोड्याशिवाय पार पडते, रक्ताच्या आणि पेशीबाहेरच्या पाण्याच्या ७.४ पीएचला. आधी हिस्टिडिन तांब्याला पकडतं. तांबं एकदा तिथे अडकलं की शेजारच्या ग्लायसिनच्या कण्यातला नायट्रोजन त्याच्या इतका जवळ येतो की आपला हायड्रोजन सोडून देतो. मग त्याच्या पुढच्या ग्लायसिनचाही नायट्रोजन तेच करतो. चौथी बाजू त्याच दुसऱ्या ग्लायसिनचा ऑक्सिजन सांभाळतो. तीन नायट्रोजन, एक ऑक्सिजन, असा चौकोन तयार होतो. वरच्या बाजूनं पाण्याचा एक रेणू तांब्याला टेकलेला, आणि त्या पाण्याला ट्रिप्टोफॅननं हायड्रोजन बंधानं धरून ठेवलेलं. कॅलिफोर्नियात सांताक्रूझला ग्लेन मिलहाउझर यांच्या गटानं २००२ साली अष्टकातल्या पाच अमिनो आम्लांचा तांब्यासकट स्फटिक करून हे दाखवलं. अख्ख्या शेपटीचा स्फटिक होत नाही, म्हणून एवढासा तुकडा घेतला. वर्गात बाययुरेट शिकवून झालं की मी हे चित्र फळ्यावर काढते. अभ्यासक्रमात ते नाही. परीक्षेत येणार नाही हे कळताच मागच्या बाकांवरच्या वह्या मिटतात, पण दोन-चार जणी थांबतात.

त्याच गटानं नंतर जे मोजलं त्यावर माझं मन खरं जडलं आहे. शेपटीभोवतीचं तांबं अगदी थोडं असेल, तर चारही अष्टकांतली हिस्टिडिनं एकाच आयनाभोवती गोळा होतात आणि शेपटी त्याच्याभोवती आवळली जाते. तांबं वाढत गेलं की ही मांडणी मोडते, एक मधली अवस्था येते, आणि भरपूर तांबं असेल तेव्हा प्रत्येक अष्टक आपापला आयन घेऊन वर सांगितलेल्या चौकोनात बसवतं. चार अष्टकं, चार आयन. पकडीचा आकडा जितका लहान तितकी ती घट्ट. पहिली पकड ०.१ नॅनोमोलरच्या आसपासची, म्हणजे भयंकर घट्ट. शेवटची दहाएक मायक्रोमोलरची. एकाच शेपटीच्या दोन पकडींत लाखपटीच्या घरातला फरक. अष्टकांच्या पलीकडे, शहाण्णवाव्या आणि एकशे अकराव्या जागेवर, तांब्याला धरू शकणारी आणखी दोन हिस्टिडिनं आहेत, ती वेगळीच.

पक्की घडी असलेल्या प्रथिनांत धातूची जागा आधीपासून तयार असते. आपल्या रक्तपेशींतल्या कार्बॉनिक अनहायड्रेजमध्ये तीन हिस्टिडिनं जस्तासाठी ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात उभी असतात. जस्त आलं तर बसतं. किती जस्त बाहेर आहे याच्याशी त्या खोबणीच्या आकाराला कर्तव्य नसतं. शेपटीचं उलट आहे. तिथे जागा आधी नसते, तांबं किती आलंय त्यावर ती ठरते. आवळून एकाला धरायचं की सैल होऊन चौघांना, हे शेपटीला करता येतं कारण तिला आधीची घडी मोडावी लागत नाही. शेपटी आसपासच्या तांब्याचा अंदाज आपल्या अंगावर घेते. ज्याला आम्ही वर्षानुवर्षं रचनेचा अभाव म्हणून तुटक रेघेत काढलं, तीच तिची नोकरी.

जस्तही या खेळात आहे. चेतापेशींच्या जोडापाशी, म्हणजे एक पेशी दुसरीला संदेश देते तिथे, ते तांब्यापेक्षा मुबलक सुटतं. चार हिस्टिडिनं त्याला धरतात, पण पकड अगदी ढिली, शे-दोनशे मायक्रोमोलरची. तांब्याला हुसकावून लावायची जस्ताची ताकद नाही. तरीही जस्त हजर असताना तांबं कोणत्या मांडणीत बसेल हे बदलतं.

हे सगळं पाहायचं कसं, हा प्रश्न मुली हमखास विचारतात, आणि त्याचं एक उत्तर आमच्या गावातच आहे. तांब्याच्या दोन धनभारांच्या आयनात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो. एनएमआरमध्ये तो आजूबाजूचे संकेत पुसून टाकतो, म्हणजे जे पाहायचं तेच दिसेनासं होतं. मात्र त्याच इलेक्ट्रॉनमुळे ईपीआर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत तांबं स्पष्ट दिसतं, आणि शेपटीच्या वेगवेगळ्या मांडण्या तिथेच एकमेकींपासून निराळ्या काढता आल्या. जस्ताचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं, त्यामुळे ईपीआरला ते दिसतच नाही. तिसरी वाट क्ष-किरणांची. कॅट रोडनं गेलं की राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र लागतं, इंदुरी माणसाच्या तोंडी अजून जुन्या नावाचं 'कॅट'च. तिथे इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे, १७२ मीटर परिघाचं कडं, त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. त्यांतल्या काही किरणवाटा एक्झाफ्स या तंत्रासाठी राखलेल्या आहेत. क्ष-किरणाची ऊर्जा तांब्याच्या ९ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या उंबरठ्यापलीकडे नेली की तांब्यातून इलेक्ट्रॉन उडतो, त्याची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परतते, आणि शोषणाच्या आलेखावर बारीक तरंग उठतात. त्या तरंगांवरून शेजारी किती अंतरावर आहे आणि कोणत्या जातीचा, हे काढता येतं. नमुना स्फटिक असण्याची गरज नाही. द्रावण चालतं, गोठवलेलं चालतं, बिनघडीचं तर चालतंच. अष्टक आणि तांब्याची जोडी युरोपातल्या सिंक्रोट्रॉनवर अशी पाहून झाली आहे. विज्ञान दिनाच्या सुमारास मुलींना घेऊन तिकडे गेलं की मी गाइडला एक्झाफ्सपाशी थोडं जास्त थांबायला लावते. परतीच्या बसमध्ये चर्चा मात्र कॅन्टीनच्या कचोरीची.

तांबं धरून शेपटी करते काय? इथे चित्र पूर्ण नाही, पण बरंच पुढे गेलेलं आहे. पेशीबाहेर तांबं वाढलं की प्रायॉन प्रथिन पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढलं जातं, हे १९९८ साली दिसलं. अष्टकांत गडबड केली तर ही ओढ उरत नाही. आत गेल्यावर ज्या पिशवीत ते पोचतं तिथला पीएच आम्लाकडे झुकलेला असतो, आणि हिस्टिडिन सहाच्या आसपास पीएच आला की हायड्रोजन आयन घेऊन तांब्याला सोडतं. मग त्या तांब्याचं पुढे काय होतं यावर मतभेद आहेत. माझ्या मते जास्त महत्त्वाचं दुसरंच आहे. जस्तामुळे, आणि नंतर दिसलं तसं तांब्यामुळेही, ही मोकळी शेपटी वळून मागच्या घडीला येऊन टेकते, घडीच्या ऋणभार असलेल्या बाजूला. आणि मोकळी, बिनबांधलेली शेपटी पेशीला धोक्याची असते. शेपटी आणि घडी यांच्यामधला दुवा कापून टाकलेले उंदीर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. म्हणजे धातू इथे शेपटीला काबूत ठेवतो.

वारशानं येणाऱ्या सीजेडीत जगात सर्वाधिक आढळणारा बदल दोनशेव्या जागेवरचा आहे. तिथलं ऋणभाराचं ग्लुटामिक आम्ल जाऊन धनभाराचं लायसिन येतं. ही जागा शेपटी जिथे टेकते त्याच भागातली, आणि प्रयोगात या बदलानं शेपटीचं टेकणं कमजोर होतं. दुसरा पुरावा अष्टकांच्या संख्येचा. काही घराण्यांत चाराऐवजी पाच, सात, अगदी तेरापर्यंत अष्टकं असतात. जादा अष्टकं चारपर्यंत असली तर आजार आलाच तर सहसा साठीपुढे येतो. पाच किंवा जास्त असली तर चाळिशीच्या आसपास, कधी त्याहून आधी. २००९ साली दिसलं की नेमक्या याच हद्दीवर तांबं धरायची पद्धतही बदलते. लांब शेपट्या एकाच आयनाभोवती आवळून बसण्याची मांडणी सहजी सोडत नाहीत, प्रत्येक अष्टकानं वेगळा आयन धरायला त्यांना कितीतरी जास्त तांबं लागतं. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही, पण कारण आणि परिणाम यांची सांगड अजून कुणी शंभर टक्के घातलेली नाही.

एवढं ऐकल्यावर काकूंचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "मग तांबं चांगलं की वाईट, एवढं सांग." नातू शेजारी बसून मोबाइलवर शोधतच होता.

त्याला दोन्हीकडचं सापडलं. २००३ साली विल्सन आजारात देतात ते पेनिसिलामाइन, शरीरातलं तांबं काढणारं औषध, प्रायॉन टोचलेल्या उंदरांना दिलं, तर आजार उशिरा सुरू झाला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं प्रायॉन टोचलेल्या हॅमस्टरांना तांबं दिलं, तर त्यांचाही आजार लांबला. १९७० च्या सुमारास क्युप्रिझोन हे तांबं पकडून ठेवणारं रसायन उंदरांना खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या मेंदूत मेंढ्यांच्या स्क्रेपी रोगाशी मिळतीजुळती भोकं दिसली. परीक्षानळीत तांबं प्रायॉन प्रथिनाचे तंतू व्हायला अटकाव करतं. एक बाजू घेऊन लेख लिहायचा असेल तर दोन्ही बाजूंना मालमसाला तयार आहे, आणि तसे लेख भरपूर लिहिले जातात. मला हे निकाल एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. शेपटी थोड्या तांब्यात एक असते आणि जास्त तांब्यात दुसरीच. त्यात आजारी घडीचे रेणू स्वतः तांब्याला कसे धरतात हे आणखी निराळं. एका प्राण्यात, एका मात्रेत, आजाराच्या एका टप्प्यावर मिळालेलं उत्तर दुसरीकडे उचलून नेलं की गोंधळ होणारच.

आणि मुळात हंड्यातलं तांबं चेतापेशींच्या त्या जोडापर्यंत जातंच कुठे! तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्यात थोडं तांबं उतरतं, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅमची आहे. ताक, लिंबू-सरबत, चिंचेचं सार तांब्यात ठेवू नये हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, कारण आंबट पदार्थ तांबं जास्त ओढून घेतो आणि मळमळतं. पोटात गेलेलं तांबं आधी यकृतात जातं. यकृत त्यातलं लागेल तेवढं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात भरून रक्तात सोडतं आणि उरलेलं पित्तातून बाहेर टाकतं. अख्ख्या शरीरात मिळून तांबं शंभरेक मिलिग्रॅम, आणि त्यावर नजर इतकी कडक की यीस्टच्या पेशीत मोजमाप झालं तेव्हा सुटं तांबं पेशीमागे एका अणूहूनही कमी निघालं. सुटं तांबं ऑक्सिजनबरोबर घातक रेणू तयार करतं, म्हणून ते हातोहात प्रथिनांकडून प्रथिनांकडे दिलं जातं. ही देवाणघेवाण ज्यांच्यात जन्मतः बिघडलेली असते त्यांना विल्सन किंवा मेंकिस आजार होतो, आणि त्या आजारांतही सीजेडी होत नाही. चेतापेशींच्या जोडापाशी शेपटीला जे तांबं भेटतं ते पेशींनी स्वतः साठवून, संदेश देताना सोडलेलं असतं.

"म्हणजे ह्यांना पाण्यानं नाही झालं," काकू म्हणाल्या.

"नाही काकू."

"आणि पाणी पीत राहिले असते तर बरेही झाले नसते."

त्यालाही नाही म्हणाले. हे दुसरं नाही ऐकायची त्यांची तयारी माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होती. नातवानं मात्र तोंड वाकडं केलं, त्याला काहीतरी ठोस हवं होतं. तो बारावीला आहे, नीटच्या क्लासमध्ये प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. हंडा पुढच्या रविवारी खाली आला. काकू त्यातलं पाणी आता तुळशीला घालतात, स्वतः फिल्टरचं पितात. तेही योग्यच.

नातवाचा खरा प्रश्न नंतर आला, आणि तो मला जास्त आवडला. हे प्रथिन एवढं तापदायक आहे तर काढूनच का टाकत नाहीत? काढून पाहिलेलं आहे. ज्यांच्यात प्रायॉन प्रथिनाचं जनुकच नाही असे उंदीर १९९२ साली तयार केले, ते धडधाकट वाढले, आणि पुढच्या वर्षी दिसलं की त्यांना प्रायॉन टोचला तरी आजार होत नाही. नॉर्वेत तर दुधाच्या शेळ्यांमध्ये हे प्रथिन मुळातच नसलेल्या शेळ्या निसर्गतः सापडल्या. जनुकात मध्येच एक थांबा आलेला, त्यामुळे प्रथिन बनतच नाही, आणि शेळ्या चरतात, वितात, दूध देतात. माणसांतही या प्रथिनाचं उत्पादन कमी करणाऱ्या अँटीसेन्स औषधाच्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. आरएनएलाच गाठून प्रथिन कमी बनू द्यायचं, म्हणजे घडी बदलायला रेणूच कमी. सध्याच्या सगळ्या वाटांत मला हीच भरवशाची वाटते.

शेपटीचा हिशेब मात्र त्यानं मिटत नाही. प्रायॉन प्रथिन नसलेल्या उंदरांचं वय झालं की त्यांच्या हातापायांकडे जाणाऱ्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होऊ लागतं. २०१६ साली त्याचं कारण सापडलं. मायलिन राखणाऱ्या श्वान (Schwann) पेशींवर एक ग्राही असतो आणि त्याला 'काम चालू ठेवा' असा निरोप देणारा तुकडा म्हणजे हीच बिनघडीची शेपटी, प्रथिनापासून तुटून सुटी झालेली. ग्राहीला धरतो तो शेपटीच्या अगदी टोकाचा धनभारित भाग, अष्टकांच्या अलीकडचा. त्या निरोपावर अष्टकांतल्या तांब्याचा काही परिणाम होतो का, हे मी नातवाला सांगू शकले नाही. त्यानं ते वहीत लिहून घेतलं, आणि खाली कंसात 'आउट ऑफ सिलॅबस'.